ठेवून घेतलेली

थेंब खाली गेला खरा, पण तळापर्यंत पोचला नाही. काचेच्या चंबूतल्या निळ्या पाण्यात अर्ध्यावर जाऊन तो थबकला, किंचित चपटा झाला, आणि मग नदीत सोडलेलं निर्माल्य वर यावं तसा संथपणे वर येऊ लागला — लाल, गोल, मसुराच्या दाण्याएवढा. बेबाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. छान दिसत होता. आपल्या अंगातून निघालेली एवढी नेटकी वस्तू तिने बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. टोचलेलं बोट कापसावर दाबून धरलेलं, आणि समोरचा पोरगा गप्प का झालाय, हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं.

"मावशी, दुसऱ्या हाताचं बोट द्या बरं."

"का रे भाऊ? एवढ्याने पोट नाही भरलं तुझं?"

तो हसला. रक्तपेढीतला तिशीचा पोरगा, पांढऱ्या कोटाच्या खिशावर अभिमन असं नाव शिवलेलं. त्याने दुसरं बोट टोचलं, दुसरा थेंब सोडला. तोही तसाच — गेला, थबकला, वर आला.

"थेंब बुडायला पाहिजे, मावशी."

"बुडणं कधीपासून चांगलं झालं?"

"माणसाचं वेगळं, रक्ताचं वेगळं. कसदार रक्त जड असतं, ते बुडतं. तुमचं हलकं पडलंय. रक्त कमी आहे तुमच्या अंगात. नाही घेता येणार."

"कमी? मग अंगात काय डाळीचं पाणी फिरतंय माझ्या?"

डाळ तिला पटकन सुचली, कारण सदतीस वर्षं तिने जळगावच्या डाळ मिलमध्ये काढली होती. शेजारच्या पलंगावर बाटली भरत पडलेला कॉलेजचा मुलगा खुदकन हसला. बेबाबाईही हसली. तिला अजून वाटत होतं, ही गोष्ट हसण्यावारी जाईल. कारण ती आजारी पडायला आलीच नव्हती, ती द्यायला आली होती. समोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिची धाकटी बहीण लता निजून होती. उद्या सकाळी नऊला तिची गर्भपिशवी काढायची होती. डॉक्टरांनी आधी दोन बाटल्या रक्त आणून ठेवा म्हणून सांगितलेलं, आणि गट असा की सहसा मिळत नाही. ओ निगेटिव्ह. लताच्या नवऱ्याचा, योगराजचा जुळेना, मुलीचा, डिंपलचा जुळेना. एक बाटली कुठून तरी मिळाली. दुसरीचा प्रश्न पडला तेव्हा बेबाबाईने बटव्यातून प्लास्टिकात घातलेलं कार्ड काढून सगळ्यांसमोर धरलं होतं. ओ निगेटिव्ह. काल संध्याकाळी ते कार्ड काढताना तिला जे वाटलं होतं, ते तिने कुणाला सांगितलं नसतं... लताकडे सगळं होतं. क्वार्टर होतं, शिक्षण होतं, पेन्शनवाला नवरा होता. फक्त हे नव्हतं. हे माझ्याकडे होतं.

अभिमनने तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला.

"गोळी चालू आहे का बी.पी.ची?"

"मला कशाला गोळी?"

"एकशे शहात्तर आहे. खालचा एकशे आठ. डोकं दुखत नाही?"

दुखतं की. मानेच्या मागून वर चढतं, दुपारी, चुलीपाशी. पदर आवळून बांधला की जातं. त्याला दुखणं म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं. ती त्याला ऊन म्हणत आली होती.

"आणि वय चुकलंय बहुतेक," अभिमन अर्जावर पाहत म्हणाला. "इथे एकावन्न लिहिलंय. मी साठीच्या पुढचं धरत होतो."

तो दुष्टपणे बोलला नव्हता, म्हणूनच ते लागलं. सोबत आलेली डिंपल चटकन म्हणाली, "एकावन्नच आहे दादा, मम्मीपेक्षा दोनच वर्षांनी मोठी आहे मावशी." आणि मग तिने नजर अर्जाकडे वळवली, कारण तिलाही आत्ताच, बोलता बोलता, आपली मम्मी आणि ही मावशी शेजारी शेजारी उभ्या दिसल्या असाव्यात.

"कार्ड दाखवा बरं." अभिमनने कार्ड उजेडात धरलं. बेबाबाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायला लागली, तेव्हा तपासणीत मिळालेलं. "मावशी, हे तर इथेच लिहिलंय. दोन वर्षांपूर्वीच. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक दोन. बारा-साडेबारा तरी पाहिजे. कुणी सांगितलं नाही?"

तिने मान हलवली. चौथी झालेल्या बाईला मराठी वाचता येतं. ते इंग्रजीत होतं. तपासणीवाल्यांनी एकेकीच्या हातात कार्ड दिलं आणि म्हटलं, पुढची. दोन वर्षं ती ते देवाच्या फोटोमागे जपून ठेवत होती, पाहुण्यांना दाखवत होती, माझा गट लाखात एक आहे म्हणून... आणि त्याच कार्डावर, गटाच्या खाली बोटभर अंतरावर, हे लिहिलेलं. म्हणजे मी दाखवत काय होते लोकांना?

"बिस्किटं घ्या, चहा घ्या," अभिमन म्हणाला. "आणि औषधाच्या दुकानात नका जाऊ परस्पर, डॉक्टरला दाखवा. आजच. आमच्या यादीत आहेत दोन-चार निगेटिव्हवाले, मी फोन लावतो. हिंमत धरा."

बिस्किटांचा पुडा तिने तसाच ठेवला. तो देणाऱ्यांसाठी होता.

जिन्यावर डिंपल तिच्या कोपराला धरायला लागली, तेव्हा तिने हात सोडवून घेतला. कोपराला धरून न्यायची बाई ती नव्हती. तीन मजले काय आहेत? मिलमध्ये गोण्यांच्या थप्पीवर ती माकडासारखी चढायची, तूरडाळीचा कोंडा नाकातोंडात जायचा, संध्याकाळी थुंकी पिवळी यायची, आणि मुकादम इतर बायांना सांगायचा — ती बेबा बघा, तिच्यासारखं करा. बाळंतपणानंतर सव्वा महिन्याने ती पुन्हा चाळणीवर उभी राहिली होती. दाणा बाजारात हमाली करणारा नवरा, भटू, चोपन्नाव्या वर्षी छाती धरून पोत्यावरच बसला आणि उठला नाही, तेव्हाही तेरा दिवसांनी ती कामावर होती. लोक म्हणायचे, बेबाबाई म्हणजे धडधाकट बाई. तिने हा शब्द अंगावर दागिन्यासारखा घातला होता. दुसरा दागिना नव्हताच.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला थांबावं लागलं. खिडकीतून बाहेर पाहण्याचं तिने निमित्त केलं.

...वरणगावला काकांकडची खिडकी अशीच होती, जाळीची, हिरवा रंग दिलेली. मोठे काका कारखान्यात कायम नोकरीला होते. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, म्हणून लता दहा महिन्यांची असताना मायने तिला काकूच्या ओटीत घातली. घरातलीच गोष्ट, घरातच राहिली. उन्हाळ्याच्या सुटीत बेबाला आठ दिवस तिकडे पाठवत. सकाळी भोंगा वाजायचा, काकू दोघींना दुधाचे पेले द्यायची, आणि लता तोंड वाकडं करून अर्धं दूध बेबाच्या पेल्यात ओतायची. दवाखाना कॉलनीतच. लताला शिंक आली तरी काकू तिला घेऊन जायची, तिच्या नावाची वही होती तिथे. दाराच्या चौकटीवर काका पेन्सिलीने दोघींची उंची मांडायचे. आठव्या वर्षी बेबाची रेघ चार बोटं वर होती, हे ठीकच, ती मोठी होती. दहाव्या वर्षी दोन बोटं. बेबा बाराची झाली त्या वर्षी मिलमध्ये जायला लागली, आणि त्याच्या पुढच्या सुटीत दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या, तेव्हा लता वर गेली होती. काका हसून म्हणाले, "अरे, धाकटी मोठी झाली!" बेबाही हसली. तिला वाईट वाटलं नव्हतं, खरंच नव्हतं. उलट तिलाच लताची कीव यायची. रात्री गच्चीवर झोपताना ती लताच्या केसांतून हात फिरवायची, मनात म्हणायची, बिचारीला दूध आहे, पण माय नाही.

कारण माय तिची होती. ठेवून घेतलेली ती होती. लहानपणापासून, भाकरी कमी पडली की, फी भरता न आल्याने शाळा सुटली तेव्हा, मिलमधला पहिला दिवस संपवून ती ओकारी काढत घरी आली तेव्हासुद्धा, माय तिच्या पाठीवर हात ठेवून एकच वाक्य म्हणायची — "तुले देवानी मनी हिंमतच नही झायी, पोरी." तुला द्यायची माझी हिंमतच झाली नाही. एवढ्या वाक्यावर एक आयुष्य निघतं. तिचं निघालं होतं.

वॉर्डात ऊन पडद्यातून पिवळं होऊन आलं होतं. लता उशीला टेकून बसलेली. एकोणपन्नासची, केस काळे — रंगवलेले असतील, पण त्याखालचा चेहराही भरलेला. पायथ्याशी स्टुलावर माय, त्र्याहत्तर वर्षांची, पान कुटावं तसे जबडे हलवत.

"झालं का गं अक्का?" लताने विचारलं. "लई टोचलं?"

डिंपलनेच सांगितलं. रक्त कमी निघालं, बी.पी. जास्त निघालं, मावशीचं नाही चालणार, दादा दुसरीकडे फोन लावतोय. ती हळू आवाजात सांगत होती, जणू मावशीने काही फोडलं होतं.

लता म्हणाली, "अगं मग तूच पड ना इथे जरा! अक्का, बस आधी." पण मायचे जबडे थांबले.

"कोनं रगत कमी शे?"

"मावशीचं, आजी."

"बिघडी गयं व्हई त्यासनं मशीन."

"मशीन नसतं आजी, निळं पाणी असतं, त्यात..."

"पानी बिघडी गयं व्हई!" माय स्टुलावरून पुढे सरकली. तिला राग आला होता, आणि तो बेबाबाईसाठी आला होता. कुणी तरी तिच्या चांगल्या मालाला नाव ठेवलं होतं. "हाई पोर बहात्तरना दुष्काळमा मना पोटमा व्हती, डिंपल. मी खडी फोडत व्हतू, सुकडी खात व्हतू, तरी हाई निंघनी वाघसारखी. तुले काय सांगू? मना जेठ-जेठानी घर उनात ना, ते हिलेच मांगाले येल व्हतात! हिलेच! चालत-बोलत व्हती, गोरीगोमटी. मी सांगं, हाई नही. ती लई जा, ती धाकली. ती मना जोडे आठ दिन नही वाचाव. तुमना जोडे दवाखाना शे, दूध शे. हाई शे ते कशीबी जगी जाई. हिले काय? घट शे. आनी उद्या दोन पैसा कमाडी तरी आनी." ती विजयाने सगळ्यांकडे पाहू लागली. "आनी हिनं रगत कमी! जाय, त्याले सांग."

शेजारच्या पलंगावरच्या बाईचा नातू मोबाइलवर काही तरी पाहत होता, त्यातला टाळ्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

बेबाबाईला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग वाटलं, नीट ऐकलं, पण ते दुसऱ्या कुणाविषयी होतं. मागायला आले होते ते मला. काकू लुगडं सावरून बसली असेल, ओटी पसरून, माझ्यासाठी. आणि माय आत गेली असेल, दोन पोरींकडे पाहिलं असेल — एक वाळलेली, रडायचंही त्राण नसलेली, आणि एक चालणारी, हसणारी. बियाणं पाखडताना बाई पाहते तसं पाहिलं असेल. ही कुठेही टाकली तरी उगवेल. हिला ठेवू, तिला देऊ. तेवढं पाहणं, तेवढाच वेळ. हिंमत झाली नाही असं काही नव्हतंच. हिंमत चांगली झाली होती.

"माय," ती म्हणाली. आवाज साधाच निघाला. "तू तर म्हणायची, मला द्यायची हिंमत झाली नाही."

"ते शेच ना," माय म्हणाली. त्यात तिला काही विसंगत दिसत नव्हतं. "ते बी शे."

बेबाबाईने लताकडे पाहिलं. लताने डोळे खाली घातले, पांघरुणाची कड बोटांनी दुमडू लागली. आणि त्या दुमडण्यावरूनच बेबाबाईला कळलं.

"तुला ठाऊक होतं."

"लग्नाच्या आदल्या दिवशी काकूने सांगितलं होतं," लता म्हणाली. ती काकूला आयुष्यभर मम्मी म्हणत आली होती. आज काकू म्हणाली. "म्हणाली, तुझ्या आईने तुला मरायला दिली होती, आम्ही जगवली, विसरू नकोस. मला वाटलं, तुलाही ठाऊक असेल अक्का. तू कधी बोलली नाहीस, मला वाटलं मोठेपणाने नाही बोलत."

म्हणजे हिनेही सव्वीस-सत्तावीस वर्षं हे उराशी धरलं होतं, दुसऱ्या बाजूने. टाकलेली म्हणून. बेबाबाईला दिसत होतं की इथे लतासाठी काही वाटायला हवं. ते कुठे असतं तेही तिला ठाऊक होतं, रोजच्या सवयीने हात तिकडे गेलाही... पण तिथे काही नव्हतं. डबा उघडावा आणि पीठ संपलेलं असावं.

ती स्टुलाशेजारी खाली फरशीवर बसली. भिंत गार होती, बरी वाटली. डिंपल बाहेर जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलत होती. लता डोळे मिटून पडली. चूक शोधू या, बेबाबाईच्या मनाने घेतलं, कुठे तरी चूक असेल. पण मायचा हिशोब चुकला नव्हता. उलटं केलं असतं, मला दिली असती, तर लता त्या उन्हाळ्यातच गेली असती — शेणाने सारवलेल्या जमिनीवर, दोन खोल्यांत, आणि आज वॉर्डात एकच बहीण असती, चांगल्या रक्ताची. मायने दोन्ही वाचवल्या. दोघी इथे आहेत. चूक सापडली असती तर भांडता आलं असतं. ती नव्हती, हेच छातीवर येऊन बसलं होतं. फक्त एक गोष्ट कुणी धरली नव्हती, मायनेही नाही, मुकादमानेही नाही, मीही नाही... की घट असणं, धडधाकट असणं, ही विहीर नसते, ती कोठी असते. रोज काढत गेलं की तळ लागतो. मला वाटत होतं, माझी विहीर आहे.

आणि मी काय वेगळं करते? हा विचार कुठून आला तिला कळेना. शाळेत खिचडीच्या वेळी मुलं रांगेत बसतात, ती वाढते, काडीसारख्या पोरांना आधी, जास्त. आणि तिसरीतली पुनम — गुटगुटीत, हसरी, कधी आजारी न पडणारी — तिला ती सांगते, तू थांब गं, तुला काय होतंय, तू घोडी आहेस माझी, जा, पाण्याची बादली आण तोवर. पुनम धावत जाते. घोडी म्हटल्यावर तिचे डोळे चमकतात. शेवटी, पातेल्याला लागलेलं खरवडून तिला मिळतं, आणि ते ती कौतुक मिळाल्यासारखं खाते... बेबाबाईने पदर तोंडावर धरला. आज ती रजेवर होती. आज बादली कोण आणतंय?

डिंपल आत आली. "मावशी, अभिमनदादाचा फोन होता. फैजपूरला एक जण आहे, संध्याकाळी येतो म्हणालाय. पण नक्की नाही, त्याच्या घरी लग्न आहे. नाही आला तर ऑपरेशन पुढे ढकलतील म्हणे."

"येईल," लता डोळे न उघडता म्हणाली.

ऊन पडद्यावरून खाली उतरून फरशीवर आलं. माय स्टुलावरून उठली, कण्हत खाली आली, बेबाबाईच्या शेजारी भिंतीला टेकली, आणि काही न बोलता तिने पाय लांब करून तिच्या मांडीवर ठेवले. टाचांना भेगा, घोट्यांवर सूज. दुपारच्या वेळी ती असंच करायची, चाळीस वर्षांचा दोघींमधला हा मुका व्यवहार होता. बेबाबाईचे हात आपोआप पुढे झाले. अंगठे घोट्याखाली दाबत, पोटरीकडे सरकत. हे सुख लताला कधी मिळालं नाही, असं तिला दर वेळी वाटायचं. मिलमधून आल्यावर, बाळंतपणात, भटू गेल्याच्या महिन्यातसुद्धा, मायचे पाय चेपताना तिला कधी दमल्यासारखं झालं नव्हतं, उलट तिथेच तिचा शीण जायचा.

मायने समाधानाने हुं केलं आणि डोळे मिटले. बेबाबाई चेपत राहिली. डाव्या पायावरून उजव्यावर आली. मनगटात कळ आली, खांद्यापर्यंत गेली, मानेच्या मागे ते ओळखीचं ऊन चढायला लागलं, आणि तिने त्याला पहिल्यांदा दुखणं म्हटलं. ते आधीही असणार. रोज असणार. एवढे जड होते हे पाय? तिने हात थांबवले नाहीत. थांबवता येत नव्हते की थांबवायचे नव्हते, हे तिला ठरवता येईना. ती एवढंच पाहत होती की हात चाललेत, पाय चेपले जाताहेत, आणि हे काम आहे.